कोपऱ्यातलं बोट

पत्ता सांगतो: मनामा, गुदैबिया,
नानवाईच्या भट्टीवरचा पहिला मजला.
जिन्यात खुबुसाचा वास, वर गेलं की निळ्या खडूचा.
पूलची तीन टेबलं. तिसरं जरासं कलतं.
कुठूनही मारा, चेंडू आग्नेयेला ओढला जायचा,
आणि तोडणकर म्हणायचा,
बघा, त्यालाही कोकण आठवतं.

सत्त्याऐंशीचे ते फोटो आता सगळ्यांच्या फोनवर आहेत.
गुरुवारच्या रात्री, पगार झालेल्या.
टेबलावर जवळजवळ झोपून नेम धरणारा लॉरेन्स,
हनुवटी क्यूला टेकलेली, जीभ दातांत.
तारिक भट्टी लग्नाच्या सुटात, का ते त्यालाच ठाऊक.
जाफरच्या पांढऱ्या थोबवर खडूचा निळा पंजा.
मी. मी आहे, आणि डोक्यावर केस आहेत.
यातले दोघे गेले,
एक कॅनडाला, एक कायमचा.

फोटो फिरतात.
कुणी खाली लिहितं, सौजन्य: नजमा स्टुडिओ,
कारण पाठीवर शिक्का त्याचा.
स्टुडिओनं फक्त रीळ धुतलं, रोख पैसे घेऊन.
त्यात सौजन्य कसलं?
कुणाचा तरी दुबईतला भाचा
हिरव्या कापडावर आडवं आपलंच नाव छापतो,
भाच्याचा जन्म ब्याण्णवचा.
रोमेलच्या मुलीनं लिहिलं, फोटो काढला बाबांनी.
बाबा तर समोर उभा आहे,
दोन्ही हातांनी क्यू धरून.

आणि प्रत्येक फोटोत, डावीकडे खाली,
एक धूसर गुलाबी टेकडी.
भिंगावर आलेलं बोट.
सगळे तेवढं कापून पुढे पाठवतात.
मीही कापलं. खोटं कशाला बोलू.
नीट दिसावं म्हणून.
वा वा झाली, म्हणाले काय नजर आहे तुमची,
ती नजर मी ठेवून घेतली.

मग दाभोळहून निरोप आला,
बाईचा आवाज, मागे कोंबड्या:
न कापलेला असेल तर पाठवा.
भाईचं बोट दिसतं म्हणे त्यात.
आमच्याकडे त्याचा एकही फोटो नाही,
कॅमेरा कायम त्याच्याच हातात.

मुनाफ हमदुले.
नाव आठवायला मला दोन चहा लागले.
टेबलं पुसायचा, मिनिटं मोजायचा,
आम्ही फोडायचो आणि तो मांडायचा:
पंधरा चेंडू, काळा मध्ये, तळव्यानं थोपटून,
मग त्रिकोण असा अलगद उचलायचा
की एकही चेंडू हलू नये.
कळही तशीच दाबायचा, श्वास धरून.
बोट तेवढं आड यायचं.
ड्रायडॉकच्या साखळीत सापडलं होतं ते,
पुरतं वळायचं नाही.
म्हणून तर तो जहाजांवरून इथे, टेबलं पुसायला.
हे आम्ही त्याला कधी विचारलं नव्हतं.
छत्तीस वर्षांनी बहिणीकडून कळलं.

बिस्किटांच्या डब्यातून मूळ प्रती काढल्या,
अख्ख्या पाठवल्या, खाली लिहिलं:
फोटो मुनाफ हमदुले यांचे, मुक्काम पोस्ट दाभोळ.
कोपऱ्यात त्यांचं बोट आहे. कापू नये.

तासाभरात त्यातलाच एक मला परत आला,
कोपरा छाटून, नाव गाळून,
वर गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ.
मी पुन्हा पाठवला, नावासकट.
आता रोज एकदा पाठवतो,
गोळी घ्यायच्या वेळेला.

दाभोळला मोठी प्रत गेली, टपालानं.
चिपळूणचा फ्रेमवाला म्हणे
पुठ्ठ्याची पट्टी जरा रुंद घेत होता,
म्हणजे ते बोट झाकलं जाईल.
ती त्याला म्हणाली,
माणसं झाकलीस तरी चालेल.