न वाचलेलं तेवढंच

फुकटच घ्यायचं तर पारख कशाला, असं उईके म्हणाला.
तो टेलिफोन खात्यातला, त्याला एक वायर पुरते.
मी बत्तीस वर्षं रेल्वे डाकेत, छाटणीच्या टेबलाशी.
रात्री अडीचला चारी दिशांच्या थैल्या नागपूरला उतरायच्या
आणि मला विचारायच्या, आम्ही कोणत्या खणात?
फुकट असो की विकत,
खण बघितल्याशिवाय मी हात घालत नाही.

मे महिना. मानेवाड्याच्या दोन खोल्या,
कूलरचा पंप घरघरतोय, खस ओली,
लॅपटॉपच्या पोटाला हात लावावा तर तवा.
यूजनेटवर जुन्या शॉर्टवेव्ह रेडिओवाल्यांचा एक समूह आहे,
अजून जिवंत. तीसेक माणसं, बहुतेक माझ्याच वयाची,
काल रात्री कुठलं स्टेशन किती मीटरवर लागलं ते सांगतात.
तेवढ्यासाठी न्यूजरीडर हवा.

पहिला उतरवला. देखणा.
पण सगळं तारखेनं रचतो,
उत्तर वर, प्रश्न तळाशी, मधे तिसऱ्याच कुणाचा अँटेना.
अशी छाटणी मी केली असती
तर काठोके साहेबांनी थैली माझ्या डोक्यावर उलटी केली असती.
काढून टाकला.

दुसऱ्यात धागे होते.
प्रश्नाखाली उत्तर, उत्तराखाली हरकत,
हरकतीखाली, थोडी उजवीकडे सरकून, माफी.
बरं वाटलं. चाचणीसाठी लिहिलं,
‘नागपूरहून नमस्कार, इथे शेहेचाळीस अंश.’
परत आली नुसती प्रश्नचिन्हं
आणि मधे एक शाबूत स्वल्पविराम.

तिसरा म्हणजे काळा पडदा. माऊसला काम नाही.
स्पेसबार दाबला की पुढचं न वाचलेलं, तेवढंच.
देवनागरी येते, मात्रा जरा मोकळ्या बसतात.
वीज जायच्या आत सगळं उतरवून घेतो,
मग अंधारात, बॅटरीवर, निवांत वाचा,
उत्तरं लिहून ठेवा, जोडणी आली की निघतील.
अरे, हे तर पोस्टच आहे.

त्यात आणखी एक फाईल आहे. तिच्यात नाव घातलं
की त्या माणसाचं काही पुन्हा दिसत नाही.
आमच्याकडे असा खण नव्हता.
पत्ता धड नसला तरी पत्र कुठंतरी जायचंच.

टाम्पेरेचा एक गृहस्थ माझी प्रत्येक नोंद खोटी ठरवायचा.
घातलं त्याचं नाव. शांतता.
पण दुसऱ्यांच्या उत्तरांत, ओळीच्या तोंडाशी ते बाणाचं टोक असतं ना,
त्याच्यामागून तो येतच राहिला, अर्धा अर्धा.
‘...भारतातल्या त्या गड्याला विचारा, त्याला ऐकू आलं असेल.’
आधी काय लिहिलं होतं, कुणास ठाऊक.

खाली लांजेवार राहतात.
माझ्या कूलरचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर ठिबकलं,
त्याला आता दोन उन्हाळे झाले. बोलणं नाही.
त्यांची खबर दूधवाल्याकडून येते, तीही अर्धी.
‘विचारत होते, वरच्यांचा रेडिओ रात्री वाजत नाही काय आताशा?’

मग कोणता घेतला बे, उईकेनं फोनवर विचारलं.
तिसरा.
काऊन?
म्हटलं, त्यात नाव घालताना तो मुदत विचारतो.
सात दिवस, तीस, की कायमचं?
बाकीचे दोघं विचारत नव्हते.

टाम्पेरेवाल्याला सात दिले.
मग पाना घेऊन कूलरखाली वाकलो.
वॉशर. कडक होऊन तडकलेला, दोन रुपयांचा जिन्नस.
या उन्हात सीताबर्डीची दुकानं
पाचच्या आत काही उघडत नाहीत.
बादली लावली आहे.
तोवर स्पेसबार.