दान मागण्याआधी

गुरुवार. केमीच्या वाचनालयाचं तळघर.
दिवस दुपारी दोनच्या आतच मावळलेला,
बाहेर उणे एकोणीस.
दाराशी ओल्या बुटांची रांग,
टेबलावर कॉफी, वेलदोड्याचा गोड पाव,
आणि मी कागदावर काढलेला किल्ला,
ज्याचा पूर्वेचा बुरूज
मागच्या आठवड्यात कॉफी सांडून पडला.

नवी होते तेव्हा
मी उठसूट फासा टाकायला लावायचे.
दार उघडायचंय? टाक.
जिना चढायचाय? टाक.
ओस्मोने चाळीस वर्षं
बर्फ फोडणाऱ्या जहाजावर काढलेली;
त्याचा योद्धा एकदा
स्वतःच्याच घोड्यावर चढताना पडला
आणि मान मोडून मेला.
वीस पैलूंपैकी नेमका एक वर आला होता.
आम्ही पोट धरधरून हसलो.
ओस्मो कागदाची घडी घालत म्हणाला,
"तो घोड्यावरच वाढला होता, तुइरे.
तूच लिहिलं होतंस."

तेव्हापासून हात आखडता घेते.
किल्ली आहे ना? मग उघडलं कुलूप,
त्यात दैवाला कशाला उठवायचं?
भिंत कमरेएवढी? ओलांडलीस.
आणि चंद्राला बाण मारतो म्हणालास
तर वीस पडले तरी चंद्र जागचा हलणार नाही,
मग तुझा हात उगाच का शिवशिवू द्यायचा?
कौल लावायचा तो
दोन्ही वाटा खरंच उघड्या असतील तेव्हा,
आणि दोन्हींच्या टोकाशी
कुणीतरी वाट बघत असेल तेव्हा.
"काही झालं नाही, परत टाक"
हा कौल नव्हे, चाळा.

हे बोलायला सोपं.

आज साइमी.
वय एकोणीस, रात्रपाळीला मासळीच्या कारखान्यात,
बोटांना अजून तो वास.
तिची चोरटी पुलाच्या नाक्यावर पोचली
आणि नाकेदारणीचा कंदील वर झाला तर
समोर तिची आई.
(हे मीच ठेवलं होतं. सहज. गंमत म्हणून.)
साइमी बोलायला लागली.
आधी खेळातल्या आवाजात,
मग कुठल्या आवाजात ते आम्हाला कळेना.
"मी सातवीत होते," म्हणाली.
खेळात सातवी नाही.

एलमेरीला नियम तोंडपाठ.
त्याने फासा तिच्याकडे सरकवला:
"मनधरणी. तुझे उणे दोन. टाक की."

मी फाशावर हात ठेवला.

दया नव्हती ती, खोटं कशाला बोलू.
फासा टाकला असता तर सुटले असते मी;
आकडा बोलला असता,
मी नुसती वाचून दाखवणारी.
किती वर्षं अशीच निभावली.
भावाने फोनवर विचारलं होतं,
"येऊ का घरी, थोडे दिवस?"
आणि मी म्हटलं होतं, "बघू."
बघू म्हणजे काय तर
फासा हवेत टाकायचा
आणि खाली पडायच्या आत खोलीबाहेर जायचं.

हाताखाली फासा थंड. सगळे गप्प.
वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या उलट्या ठेवत होतं.

मग आई बोलली. म्हणजे मी.
"पुलावरून जाऊ नकोस.
मधल्या सात फळ्या कुजल्यात.
पहारा बदलेपर्यंत मी कंदील खाली धरते.
त्याहून जास्त मला जमायचं नाही."

साइमीने नाक ओढलं.
पाव तोडला, खाल्ला नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
"आणि मी पुलावरूनच गेले तर?"

बघा पोरीची जात!

खाली नदी, वर कुजलेल्या फळ्या,
मागे कंदील जरासा हलणारा.
मी हात उचलला.
"आता टाक."

तिने इतका जोर लावला की
फासा किल्ल्यावरून, कपांमधून उडाला
आणि टेबलावरून थेट
तापलेल्या रेडिएटरच्या खाली गेला.
ओस्मो कण्हत गुडघ्यांवर बसला,
गाल फरशीला टेकवून, मोबाइलचा उजेड आत.

"दिसतोय का? काय पडलंय?"

"थांबा," ओस्मो म्हणाला,
"श्वास नका सोडू कुणी,
कडेवर उभा आहे."