उजवी बाही

निमाणीला गाडी वीस मिनिटं थांबते.
तेवढ्यात चार ओळी होतात,
कुणी सुट्टे मागायला आलं नाही तर.

लोकर मेनरोडची, पिकल्या लिंबाच्या रंगाची,
आमचे ड्रायव्हर रामनाथ गायधनी, त्यांच्या मुलीसाठी.
नऊ वर्षांनी झालेली.
तेव्हापासून स्पीडब्रेकरवरून ते गाडी
झोळी हलवावी तशी उतरवतात.

डावी बाही नाशिकरोडच्या फेऱ्यांत झाली.
द्वारकेच्या कोंडीत सगळी बस वैतागलेली,
आणि मी मनात म्हणतेय,
दोन सुलट, दोन उलट,
सिग्नल अजून एक ओळ लाल राहू दे.

उजवी त्र्यंबकच्या मुक्कामी गाडीत.
पहाटेची थंडी, बोटं माझी असूनही माझी नव्हेत.
रात्री सुटलेला टाका
सातपूरला उजाडल्यावर सापडला.
मोजायचं मात्र राहूनच गेलं.

बारशाला पळशाला गेले.
उजवी बाही चार बोटं लांब.
बायका म्हणाल्या, वाढतं अंग आहे.
ज्यांना विणता येतं
त्या काहीच म्हणाल्या नाहीत.

मुलीचा हात बाहीत शिरला
आणि आत कुठंतरी अडकून बसला.
रामनाथ बाहीच्या तोंडाशी ओणवे.
पाळण्याभोवती सगळ्या गप्प,
उशीर झालेल्या गाडीची वाट बघावी तशा.

मग एक बोट आलं.
नख कणीएवढं.
"आली," रामनाथ म्हणाले.

आणि माझ्या हातानं, सवयीनं,
तिथं नसलेली दोरी
दोनदा ओढली.