भाऊबंदकी

गावडोंगरीला व्हॅन वळते, तिथे मी माइक बंद करते.
पुढे रस्ता इतका खडबडीत की जीभ दातांखाली येते,
आणि आमच्याआधी वासच येऊन भेटतो,
पिकून फुटलेल्या बोंडांचा, गोड, जरासा घामट.
त्याच्यापुढे माझं पाठ केलेलं भाषण फिकं.

माणशी अठराशे, जेवण धरून. आज सात जण.
त्यातला एक म्हातारा फ्रेंच, गळ्यात फीत,
फितीला चांदीची उथळ वाटी,
तान्ह्या बाळाला दूध पाजायच्या बोंडल्याएवढी.
म्हणाला, आमच्या गावात मळेवाल्यांचं एक मंडळ आहे,
चारशे वर्षांचं. लाल झगे घालतो, शपथ घेतो
वाइनशी खोटं न बोलण्याची.
विचारा यांना, यांच्यात आहे का तसं काही.

शाबलो वेळीप भाणाखाली लाकूड सारत होता.
पणजीत क्लास लावून शिकलेलं माझं फ्रेंच,
घाईत जो शब्द हाताला लागला तो दिला:
"बाबा, हे विचारतात, तुमच्यात भाऊबंदकी आहे का?"

"आहे ना. मामलेदाराकडे.
सोळा वर्षं झाली, वरच्या काजूच्या डोंगरीवरून.
वकील मेला. भाऊ जिवंत आहे."

मी फ्रेंचाला म्हटलं, हो, आहे म्हणतात. फार जुनी.
त्यानं टोपी काढली.

"तसं नव्हे हो बाबा. एकत्र बसणारे. शपथ घेणारे."
शाबलोनं लावणीवर तांब्याभर पाणी ओतलं.
"शपथ कसली? पाणी लावणीच्या वरून, आत नाही.
एवढंच.
बसायचं म्हणशील तर रात्री आम्ही दोघं.
एक निजतो, एक पाणी ओततो."
दुसरा कोण?
"तोच. भाऊ.
कोर्ट दिवसाचं. भट्टी रात्रीची."

थोडं थांबून:
"आणि राखणदार. पहिली धार त्याची,
पानावर रोटी, एक विडी.
तो वर्गणी देत नाही, पण शीव सांभाळतो."

हे सगळं मी फ्रेंचमध्ये नेलं. वाटेत काही सांडलंही असेल.
विडीला त्यानं मान डोलावली.

बोंडू वेचणाऱ्या बायका माडाच्या सावलीत बिया पिळून काढत होत्या.
त्यांचे फोटो झाले.
बोटांवरचे चिकाचे काळे डाग पावसाळा येईतो जात नाहीत,
हे माझ्या भाषणात आहे.
भाषणात हेही आहे की उर्राक हलकी, पहिल्या उकळीची,
तिच्यात पिकल्या पेरूची आठवण, मागाहून धूर.
मी चव सांगते. घेत नाही.
माझा बाप या मंडळींतलाच होता,
दारूशी आयुष्यात खोटं बोलला नाही.
घरी बोलायचा.
हे भाषणात नाही.

तेवढ्यात वरून लाकडाचा भारा घेऊन भाऊ उतरला.
आज तारीख नव्हती.
भारा टाकला, शाबलोकडे न बघता करवंटी उचलली,
धारेखाली धरली, हलवली.
दोघांची टक्कलं एकाच करवंटीवर वाकली,
वर आलेले मोती मोजत.
फ्रेंचाच्या हातात कुणीतरी तांब्या दिला होता,
तो लावणीवर पाणी ओतत होता, अगदी मनापासून,
चांदीची वाटी पाठीवर गेलेली.

"पंधरा गराव."
"चौदा."
"डोळे तपासून घे. पंधरा."
"बापानं तुला मोजायला शिकवलं तेव्हा मी तिथेच होतो.
चौदा!"

आवाज चढले. बायकांनी मानही वर केली नाही.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला.
काय म्हणताहेत? फ्रेंचानं हळूच विचारलं,
देवळात विचारतात तसं.

मी सांगितलं,
शपथ घेताहेत.