नळी

कडोलीत धुकं अजून उठलं नव्हतं.
तांबू दावणीला मान लांब करून उभी,
कोपरं बाहेर, कान पडलेले. रवंथ बंद.

डॉक्टर कडकोळ गाडीवरून उतरले
आणि आधी काहीच केलं नाही.
घड्याळ धरून तिच्या कुशीकडं बघत
ओठांत मोजत राहिले:
ऐवत्तु, ऐवत्तोंदु, ऐवत्तेरडु.
मी मराठीत मोजत होतो. माझेही बावन्नच झाले.

"केम्मु एष्टु दिन?"
तीन दिवस खोकतीया.
कालपास्नं श्वासाला घाण वास.

उजवीकडं, कोपरामागं, त्यांनी मलाही ऐकवलं:
वाळल्या शेंगांच्या पोत्यावर
कुणी हळूच पाय द्यावा, तसं.

"पाजलं काय?"
सटुप्पाकाका खाली बघायला लागले.
पोट फुगलं म्हणून हिंग न् तेल,
बांबूच्या नळीनं.
जीभ मीच ओढून धरली होती,
तोंड वर.
तिनं ठसका दिला,
आम्ही म्हटलं, लागू पडलं.

ताप एकशे पाच.
सुई पाच दिवस, एकही चुकवायची नाही.
मागची झडप उघडा,
धूर करू नका,
पाणी तिचं तिला पिऊ दे.

नळी काकांच्या वडलांची,
टोक दातांनी झिजलेलं.
काकूनं तिची गाठ फोडून
चुलीला फुंकणी केली. कुणी काही बोललं नाही.

सहाव्या दिवशी पहाटे गोठ्यात गेलो
तर काका आधीच तिथं,
बरगडीवर तळहात.
सत्तावीस, अठ्ठावीस...
तांबूनं शेपटी मारली.
ते चुकले,
पुन्हा एकापासून.