पिवळा ठिपका

चोर्ल्याच्या चढावर टर्बो गेला म्हणे.
गाडी कुंडईला पोचली तेव्हा
पुढची चाकं उचललेली, बंपरवर लाल धूळ,
आणि वल्लभ तारी टोईंगवाल्याच्या केबिनमध्ये
स्वतःच्याच गाडीकडे पाठ करून बसलेला.

सव्वीस वर्षांचा. बाप दुर्भाटच्या फेरीबोटीवर,
आयुष्यभर तीच नदी, तेवढ्याच मिनिटांत.
मुलाला वेग हवा होता
याचं मला नवल वाटलं नाही.

'बाय, वॉरंटी आसा. आजून वर्सभर.'
होती. किलोमीटरही बसत होते.
माझं काम एवढंच: दावा बसतो का बघायचं,
बसत नसेल तर कुठे बसत नाही ते लिहायचं.

लॅपटॉप जोडला.
सॉफ्टवेअर कंपनीचंच, मूळचं,
न्हाऊमाखू घालून आणलेलं.
इंधन, हवा, दाब, सगळे आकडे
पहिल्या बाकावरच्या मुलांसारखे हाताची घडी घालून.
फक्त खाली कोपऱ्यात, कुणी बघत नाही तिथे,
एक संख्या: हा मेंदू कितीदा लिहिला गेला.
कारखान्यात एकदा. आमच्याकडे एकदाही नाही.
तिथे चार होतं.

पाटी पुसता येते,
कितीदा पुसली ते पुसता येत नाही:
हे मला कायताननं शिकवलं होतं,
शेजारच्या बेमध्ये, सहा वर्षं,
ग्रीसचा हात शर्टाला न लावता.
मग एक दिवस त्यानं गणवेश घडी करून काउंटरवर ठेवला
आणि शिरोड्याला स्वतःची शेड टाकली.
पाटी नाही, फोन नंबर नाही.
तरी पोरं जातात.

वल्लभ म्हणाला, उंदरांनी वायर कुरतडली असेल.
म्हणाला, पेट्रोल वाईट होतं बेळगावचं.
मी गाडी वर घेतली.
टर्बोची पाती कडेनं चावल्यासारखी,
आणि हवेच्या पाइपाच्या क्लॅम्पवर, बोल्टच्या डोक्यावर,
मोहरीएवढा पिवळा ठिपका.

आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर
कायतान तो ठिपका लावायचा.
विसरलो असं कधी होऊ नये म्हणून.
इतकं सगळं लपवलं दोघांनी,
मूळचं सॉफ्टवेअर परत घातलं,
मूळचा एअर फिल्टरही बसवला,
आणि ठिपका लावल्याशिवाय मात्र
त्याला तो बोल्ट सोडवेना.

मी लिहिलं:
टर्बोचार्जर, नामंजूर. कारण: इंजिनच्या संगणकात
बाहेरून केलेला बदल, वाढवलेला दाब.
खर्च ग्राहकाचा, एक लाख अडतीस हजार.

वल्लभनं आकड्यावर बोट ठेवलं, तसंच ठेवून राहिला.
मग विचारलं, 'मग सगळीच गेली काय वॉरंटी?
डावी काच पण खाली येत नाही.'
काच तुझीच आहे, म्हटलं.
काचेच्या मोटरला तुझ्या वेगाचं काही ठाऊक नाही.
जे बदलानं बिघडलं ते तुझ्यावर,
बाकीचं अजून आमच्यावर.
खिडकीची मोटर, मंजूर.
तो हसला की काय ते कळलं नाही.

अहवालाला फोटो जोडले सहा.
सातवा जोडला नाही. फॉर्ममध्ये
पिवळ्या रंगाचा रकाना नाही,
आणि चार हा आकडा पुरेसा होता.
यात मी कुणाला वाचवलं,
ते विचारू नका.

रात्री तो सातवा कायतानला पाठवला,
एक शब्दही न लिहिता.
मला वाटलं, शिव्या घालील, किंवा
फोन करून सारवासारव करील.
बऱ्याच वेळानं उत्तर आलं, एकाच ओळीचं:
'बोल्ट सैल जाल्लो?'

'ना,' मी लिहिलं.
'घट्ट आसा.'