निधान

एमएस प्लेट, पन्नास बाय पन्नास, सहा जाड.
व्हाइसमध्ये आवळली, कानस उचलली
आणि मागून हडपद मास्तर म्हणाले, "निधान."

पहिल्या सेमिस्टरचा दुसरा आठवडा.
मी येळ्ळूरच्या मराठी शाळेतली.
कन्नड म्हणजे बसवरच्या पाट्या
आणि बाबांच्या नावानं येणारे कागद,
जे गल्लीतल्या कंडक्टरकाकांकडून वाचून घ्यायचे.
निधान म्हणजे ठेवा, पुरलेला हंडा,
एवढं मला ठाऊक.
सहा मिलिमीटर लोखंडात कसला आलाय हंडा?
मी जोर लावला.
कानस घसरली, बोटाचं साल गेलं.

शेजारच्या व्हाइसवर शिवलीला मुगळीहाळ.
आधी हसली, मग शब्द शोधत म्हणाली,
"हळू म्हणतेत गं ते.
आमच्यात निधान म्हंजे हळू."

जॉब दोघींत एक.
चौकोनी खाच माझी,
तिच्यात बसायची ती जीभ शिवलीलाची.
दर बुधवारी तीन तास.
पुढे जाताना काप, मागे येताना उचल.
दात भरले की खडू फास.
तळहाताला फोड, फोडाला खोबरेल,
जर्नलच्या पानापानावर काळे अंगठे.
मास्तर कडेला गुण्या लावून
जॉब खिडकीकडे धरायचे.
पट्टीखालून केसाएवढा उजेड निसटला
तरी परत.
रागवायचे नाहीत. तोच एक शब्द.

व्हायव्हाला हुबळीचे परीक्षक.
क्लिअरन्स म्हणजे काय, त्यांनी इंग्रजीत विचारलं.
हाताला येत होतं, तोंडाला नाही.
शिवलीला भिंतीवरचा तक्ता बघत राहिली.
मग त्यांनी दोन तुकडे जुळवले, वर धरले.
डाव्या कोपऱ्यात
उजेडाची बारीक रेघ.
ही चूक कुणाची?
आम्ही दोघींनी
एकमेकींकडे बोट दाखवलं.
पंचवीसपैकी सतरा. दोघींनाही.

रिझल्टनंतर स्क्रॅपच्या डब्यातून
ते तुकडे आम्ही उचलून आणले.
माझा रोल नंबर ठोकलेला तुकडा तिच्याकडे गेला,
तिचा माझ्याकडे राहिला.
घाईत झालं की कसं, आठवत नाही.
ती आता गोकाकला असते.
तिची जीभ माझ्या ड्रॉवरमध्ये, तेल लावून.

आता उद्यमबागेत हायड्रॉलिक पंपाच्या कंपनीत
मी इन्स्पेक्शनला.
इथे कानस कुणी धरत नाही.
मशीन पडद्यावर आकडे दाखवतं,
मायक्रॉनची भाषा सगळ्यांना सारखीच अवघड.
काल नंदगडचा नवा ट्रेनी, वैजनाथ,
ऑफसेटची बटणं
गावच्या जत्रेत बंदूक चालवावी तशी दाबत सुटला.
माझ्या तोंडून गेलं, "निधान."

तो थांबला.
चिपच्या ट्रेमध्ये वाकून बघू लागला.
"काय पडलं, मॅडम? सोन्याचं काय?"

अर्थ सांगायला तोंड उघडलं,
आणि का कोण जाणे,
मीही जरा वाकून बघितलं.